वगळलेला पाठ

मराठी साहित्यव्यवहाराला न्यायालयाची आठवण होते ती बहुधा दोनच प्रसंगी: एखाद्या पुस्तकावर बंदी आली तर, किंवा एखाद्या लेखकावर खटला गुदरला गेला तर. एरवी निकालपत्र हा आम्हा साहित्याच्या माणसांना वाचनाचा विषय वाटत नाही. तो वकिलांचा, फार तर वार्ताहरांचा प्रांत. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. एखादा मजकूर कोणी दडवला, कोणापासून दडवला आणि का दडवला, हे प्रश्न ज्यांच्या विद्येचा गाभा आहेत, त्यांनी फौजदारी खटल्याकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याच अभ्यासविषयाकडे पाठ फिरवणे होय.

जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले, आणि त्यावरून उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेलच. अनेकांनी बहिष्कार घातला, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि अखेर आमच्याच जिल्ह्यातील, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. निषेध रास्तच होता, त्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण सहगल यांचे जे भाषण मांडवात होऊ दिले नाही, ते वृत्तपत्रांतून घरोघरी पोचले. एरवी जितक्यांनी ते ऐकले असते, त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते वाचले. दडपू पाहिलेला मजकूर दडपला गेला नाही. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, ५ मार्च २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्याच्या केंद्रस्थानीही एक दडपलेला मजकूर होता. महाराष्ट्रातलाच, एका जखमी बाईच्या तोंडचा. तो मात्र खरोखरच दडपला गेला होता, आणि त्यापायी सहा माणसे फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे तुरुंगात बसली होती. आविष्कारस्वातंत्र्यासाठी जानेवारीत गाजलेल्या व्यासपीठांवर मार्चमधल्या या निकालाचे जाहीर वाचन व्हायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हकीकत अशी. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेतील झोपडीत सात-आठ जण शिरले. त्यांनी पैसे आणि दागिने लुटले, घरातल्यांना बेदम मारले, बायकामुलींवर अत्याचार केले. पाच जणांचा जीव गेला. घरातील बाई आणि तिचा एक मुलगा तेवढे वाचले. पुढे भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. सरकारने अपील केले, आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे या निकालानंतर निष्पन्न झाले! ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा तो निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकायला घेतले, आणि न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांची नावे आम्ही येथे मुद्दामच देत नाही. निकालाच्या शीर्षकात ती आहेत. पण सोळा वर्षे खुनी म्हणून मिरवावे लागलेले नाव सुटकेनंतर तरी माणसाला निवांतपणे वापरू द्यावे.

ते सुटले कशाने? घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या त्या बाईने पोलिसांकडील नोंदलेल्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. हे चौघे म्हणजे पुढे उभे केलेल्या सहांपैकी कोणी नव्हेत. त्यांची छायाचित्रे पोलिसांच्याच दप्तरात होती, म्हणजे ते कोणी अज्ञात इसम नव्हते. तरी त्यांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध खटला चालला नाही. आणि बाईने केलेली ही पहिली ओळख सरकार पक्षाने पुढे येऊ दिली नाही. तीन न्यायालयांच्या तीन निकालांची वाट तिने अडली नाही. पुढे जुलैमध्ये झालेल्या ओळखपरेडीवर आणि त्यानंतरच्या न्यायालयातील ओळखीवर खटल्याचा डोलारा उभा राहिला. २०१९ च्या निकालाने स्पष्ट शब्दांत सांगितले की तपासही न्याय्य झाला नाही आणि खटलाही. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करण्याचा आदेश राज्याला देण्यात आला.

अशा सुटकेची बातमी आली की आपल्याकडे एक ठरावीक वाक्य कानांवर पडते: तांत्रिक मुद्द्यावर सुटले. हे वाक्य उच्चारणाऱ्यांत सुशिक्षितांचे प्रमाण मोठे असते, आणि प्राध्यापकवर्गही त्याला अपवाद नाही. त्यांना आमचा प्रश्न असा आहे की, येथे तंत्र कोणते आणि मूळ वस्तू कोणती? जिच्या डोळ्यांदेखत घरातली पाच माणसे गेली, तिने शुद्धीवर येताच दाखवलेले चेहरे ही खटल्याची मूळ वस्तू नव्हे काय? बचाव पक्षाला मिळायला हवा असलेला पुरावा म्हटले की, तो आरोपीच्या बाजूचा आणि म्हणून पीडितेच्या विरुद्धचा, असे आपण गृहीत धरतो. नाशिकच्या खटल्याने हे गृहीतक साफ खोटे ठरवले. येथे जो पुरावा दडवला गेला, तो पीडितेचाच शब्द होता. राज्याने तिच्या नावाने सहा जणांना फाशी मागितली आणि तिचा पहिला शब्द बाजूला सारला. पीडितांचा कैवार घेऊन जे बोलतात त्यांनी या प्रकारावर सर्वांत आधी संतापायला हवे होते. कारण अन्याय झाला तो सहांवर आणि तिच्यावरही. तिने ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोचलाच नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. चुकीच्या दाखल्यावर विसंबून दिलेल्या काही फाशीच्या शिक्षा रद्द कराव्यात अशी त्यांची विनंती होती, आणि त्यांत या खटल्याचाही समावेश होता. पत्रे लिहिणाऱ्यांचा हेतू उदात्त होता. तथापि त्यांचा आक्षेप होता तो शिक्षेच्या मोजमापावर. फाशीऐवजी जन्मठेप, एवढेच त्यांचे मागणे. या माणसांनी गुन्हा केलाच नसेल, हा प्रश्न त्या पत्रांचा विषय नव्हता आणि होऊही शकत नव्हता. दडवलेल्या कागदाचा हाच गुण असतो. तो विरोधकांना तर फसवतोच, पण दयाळू माणसांची दयाही चुकीच्या जागी खर्च करायला लावतो.

आता कोणी म्हणेल, हा एखाद्या नाठाळ अधिकाऱ्याचा प्रमाद. त्यावरून कायद्याला दोष का द्यावा? आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. अधिकारी नाठाळ असो वा सज्जन, कायद्यानेच त्याच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३ खाली तपास अधिकाऱ्याने आरोपपत्रासोबत कोणते कागद पाठवायचे, तर ज्यांवर सरकार पक्ष विसंबू इच्छितो ते. जबाब कोणाचे, तर ज्यांना सरकार पक्ष साक्षीदार म्हणून तपासू इच्छितो त्यांचे. कलम २०७ खाली आरोपीला प्रती मिळायच्या त्याही एवढ्याच गठ्ठ्याच्या. ज्यांवर सरकार पक्ष विसंबू इच्छित नाही, त्या कागदांविषयी संहिता गप्प. तपासाची रोजनिशी, जिला कचेरीत केस डायरी म्हणतात, ती मागण्याचा अधिकार आरोपीला नाही. राहिले कलम ९१. त्याखाली न्यायालयाला एखादा कागद हजर करवता येतो. पण आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला या कलमाचा आधार घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाढी खटल्यात ठरवले. २०१७ मध्ये नित्य धर्मानंद खटल्यात ही गाठ थोडी सैल झाली, तीही अपवादापुरती. मुळात ज्या कागदाच्या अस्तित्वाचीच आरोपीला खबर नाही, तो त्याने मागायचा कसा? न पाहिलेल्या पोथीचा क्रमांक सांगा, मग ती दाखवू, असा हा ग्रंथपालाचा न्याय आहे.

येथे आम्ही आमच्या वाचकांना त्यांच्याच शास्त्राची आठवण करून देऊ इच्छितो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणाऱ्या वि. सी. सुकथनकरांची पद्धत आपल्याकडे पाठचिकित्सेच्या वर्गात शिकवली जाते. तिचे मर्म काय? संपादकाने एक पाठ निवडावा, त्याची जबाबदारी घ्यावी. परंतु जो पाठ नाकारला, तोही त्याच पानाच्या तळाशी छापावा, कोणत्या पोथीत आहे हे सांगून छापावा. संपादकाची निवड चुकली असेल तर ती चूक पकडण्याचे साधन संपादकानेच वाचकाच्या हाती द्यायचे. नकोसे पाठभेद कपाटात ठेवून कोणी आवृत्ती काढली, तर त्या आवृत्तीला आपण चिकित्सक म्हणणार नाही, आणि त्या संपादकाला पुन्हा पोथीला हात लावू देणार नाही. एका श्लोकातील एका अक्षरासाठी आपण जी शिस्त अनिवार्य मानतो, ती माणसाच्या गळ्याशी दोर असताना ऐच्छिक असावी?

आरोपपत्र ही तपास अधिकाऱ्याने सिद्ध केलेली संहिता आहे. तिच्यात निवड असणारच. निवडीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तळटीप नसण्याला.

सरकारी वकील यात कोठे बसतो? त्याच्याविषयी आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे की तो पोलिसांचा वकील. तसा तो नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत सोळावा नियम आहे. निरपराध माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने सरकारी वकिलाने खटला चालवावा आणि आरोपीचे निरपराधित्व दाखवू शकणारी सामग्री दडवणे कटाक्षाने टाळावे, असा त्याचा आशय. २०१० मध्ये मनू शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कर्तव्याचा विस्ताराने ऊहापोह केला. म्हणजे तत्त्व आहे, नियम आहे, दाखलाही आहे. नाही ती सक्ती. व्यवहारात सत्र न्यायालयातील सरकारी वकिलापुढे पोलिसांनी आवरून-सावरून दिलेला गठ्ठा येतो. गठ्ठ्याबाहेर काय राहिले हे त्याने विचारले पाहिजे, पण ते विचारल्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही. त्याचे यश मोजले जाते ते दोषसिद्धीच्या टक्केवारीवर. मंत्र्यांच्या भाषणांत ही टक्केवारी वाढल्याचा अभिमान असतो. किती खटल्यांत सरकारी वकिलाने आपणहून आरोपीच्या हिताचा कागद पुढे केला, याची टक्केवारी विधानसभेत कोणी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुखात्मे फिर्यादी पक्षाचा वकील होतो आणि आरोपीचाही वकील तोच. वर्गात हे आपण उपहास म्हणून शिकवतो, आणि मुले हसतात. गरीब आरोपीच्या खटल्यात मात्र बचावाला काय दिसावे आणि काय दिसू नये हे फिर्यादी पक्षाच्या टेबलावर ठरते. तेथे सुखात्मे दोन्ही खुर्च्यांवर बसलेला असतो आणि कोणी हसत नाही.

अन्य देशांत रामराज्य आहे असे आम्हाला सुचवायचे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ब्रेडी खटल्यात सांगितले की आरोपीने मागितलेला त्याच्या हिताचा पुरावा सरकार पक्षाने दडवला तर न्याय्य प्रक्रियेचा भंग होतो. तेथेही प्रत्यक्ष खून आपण केला अशी साथीदाराने दिलेली कबुली बचाव पक्षापासून लपवली गेली होती. त्यानंतरच्या साठ वर्षांत त्या देशात असे प्रकार थांबलेले नाहीत. इंग्लंडमध्ये ज्युडिथ वॉर्ड ही स्त्री बसमधील बॉम्बस्फोटासाठी १८ वर्षे तुरुंगात राहिल्यावर १९९२ मध्ये सुटली. तिच्या हिताची सामग्री सरकार पक्षाने पुढे केलेली नव्हती. पण इंग्लंडने त्यातून एक काम केले. १९९६ च्या कायद्याने न वापरलेल्या सामग्रीची यादी करणे तपास यंत्रणेवर बंधनकारक झाले. यादी! इतकी साधी, कारकुनी गोष्ट.

हीच साधी गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांसाठीच्या नियमांच्या मसुद्यात घातली. तपास अधिकारी ज्यांवर विसंबत नाही अशा जबाबांची, कागदपत्रांची आणि वस्तूंचीही यादी आरोपीला मिळावी, असे तो मसुदा सांगतो. उच्च न्यायालयांनी तो आपापल्या नियमांत समाविष्ट करावा असा आदेशही झाला. मे २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या फाशीच्याच प्रकरणात न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने संपूर्ण फौजदारी संहिताच नव्याने लिहिली. वसाहतवादी कायद्यांचे जोखड फेकून दिल्याचा मोठा गजर झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिचे कलम २३० उघडून पाहावे. आरोपीला प्रती देण्याची मुदत १४ दिवस ठरवली आहे, ही सुधारणा मान्य. पण प्रती कशाच्या? त्याच जुन्या गठ्ठ्याच्या. न वापरलेल्या सामग्रीच्या यादीचा तेथे शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाचा मसुदा दोन वर्षे समोर असताना हा शब्द राहून गेला असेल, यावर विश्वास ठेवणे आम्हाला कठीण जाते.

यादी दिली तर साक्षीदारांच्या जिवाला धोका होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. धाकदपटशाला बळी पडणारे साक्षीदार आम्हीही पाहिले आहेत. त्यावर उपाय म्हणून एखादा भाग न्यायाधीशाच्या परवानगीने झाकता येतो, आणि तशी तरतूद जुन्या संहितेतही होती. फरक एवढाच की झाकायचे काय, हे न्यायाधीशाने कागद पाहून ठरवावे. ज्याला खटला जिंकायचा आहे त्याने नव्हे. दुसरा आक्षेप विलंबाचा. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात आरोपींना मोबाइलच्या कॉल-नोंदी मिळवण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने १२ जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल अन्यत्र दाखला म्हणून धरू नये असा आदेश त्याच महिन्यात झाला. अंतिम निर्णय काहीही होवो, १९ वर्षांचा हा हिशेब मांडताना विलंब यादीमुळे होतो की यादी नसल्यामुळे, याचा विचार आक्षेपकांनी करावा.

यवतमाळात बसून आम्ही नाशिकच्या खटल्याविषयी इतके का लिहितो? या जिल्ह्यात पारधी बेडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या जन्मालाच आरोपपत्र जोडले, त्यांचे वंशज आमच्या वर्गांत पहिल्या बाकावरही बसतात आणि शेवटच्याही. तो कायदा १९५२ मध्ये गेला. संशयाची सवय गेली नाही. पुसदच्या तांड्यातून या राज्याला दोन मुख्यमंत्री मिळाले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी बेड्यावर जाते, हे सांगताना आमचा आवाज खाली येतो. अशा माणसाचा खटला उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूने बहुधा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील असतो. त्याच्यापाशी स्वतंत्र तपास करायला ना माणसे असतात ना पैसा. पोलिसांच्या गठ्ठ्यात जे नाही, ते त्याच्या दृष्टीने जगातच नाही. म्हणून वगळलेल्या कागदांची यादी ही श्रीमंत आरोपीसाठी सोय असेल, बेड्यावरच्या आरोपीसाठी ती बचावाची एकुलती एक वाट आहे.

‘उपरा’ आणि ‘उचल्या’ आपल्या अभ्यासक्रमांत आहेत. त्यांवर प्रश्नपत्रिका निघतात, प्रबंध सादर होतात, वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांचा मुबलक वापर होतो. त्या पुस्तकांतला पोलीस ठाण्याचा उंबरठा ओलांडून पुढे न्यायालयात काय घडते, हे सांगणारा २०१९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. तो इंग्रजीत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला तो तसाच्या तसा देता येणार नाही. तर त्याचा अनुवाद करावा. कायद्याच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून केलेला अनुवाद हा पदव्युत्तर वर्गाचा उत्तम प्रकल्प होईल. आणि अनुवाद करताना, ७ जून २००३ च्या नोंदीपाशी आल्यावर, त्या दिवशी बाईने काय सांगितले, ते कोठे लिहिले गेले, कोणाच्या हातात गेले आणि तेथून पुढे का सरकले नाही, याची तळटीप विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावी.